साक्ष देण्यापूर्वी थोडे थांबू या



बाजारात मासळी घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, वांगी घेताना कीड तर नाही ना म्हणून प्रत्येक वांगे फिरवून बघतो. मात्र सकाळच्या चहाबरोबर ज्या बातम्या आणि जाहिराती आपल्या घरात शिरतात, त्या आपण तशाच पदरात घेतो, आणि वर दहा जणांना वाटूनही टाकतो. आज याच सवयीचा थोडा विचार करू या.

अफवेची किंमत

१ जुलै २०१८. रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. तेथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. भिक्षा मागून पोट भरणारी ही भटकी माणसे. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरल्या होत्या. जमावाने संशयावरून त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना ठार केले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्याच वर्षी एक चित्रफीत देशभर फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे एका लहान मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती मुळात पाकिस्तानातील कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापून टाकला. चित्र तेच राहिले, पण अर्थ उलटा झाला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांविषयी लिहिताना एदेन बागेतील सर्पाची आठवण करून दिली होती. परमेश्वराने एकाच झाडाचे फळ निषिद्ध केले होते. सर्पाने विचारले, कोणत्याच झाडाचे फळ खायचे नाही म्हणे? खऱ्यात थोडी भेसळ केली की खोटे सहज गळी उतरते.

बातमीच्या वेशातील जाहिरात

फसवणूक फक्त मोबाइलवरच होते असे नाही. २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची स्तुती करणारा शब्दशः तोच मजकूर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत वेगवेगळ्या नावांनी छापून आला. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघडकीस आणले. प्रेस कौन्सिलने २०१० साली या ‘पेड न्यूज’वर अहवाल दिला. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर वाचक सावध असतो, पण तीच बातमी म्हणून आली की तो बेसावध राहतो. हा प्रकार एका पत्रकारानेच चव्हाट्यावर आणला, हेही विसरू नये. सर्वच माध्यमे खोटी म्हणून हात झटकणे हासुद्धा आळसच.

डब्याची मागची बाजू

मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी आपण वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून घेत आलो. २०२४च्या एप्रिलमध्ये सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितले, की अशी पेये या नावाखाली दाखवू नका. कारण २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. डब्याच्या पुढे धावणारा मुलगा असतो, साखरेचा आकडा मागे बारीक अक्षरात असतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत आली, तर काय ते समजून घ्यावे.

चार साधे प्रश्न

१. हे कोण सांगत आहे? नाव-गाव आहे, की नुसतेच ‘डॉक्टर सांगतात’?

२. यावर विश्वास ठेवल्याने कोणाचा फायदा होतो? पैसा कोणाला, मत कोणाला, आणि द्वेष कोणाच्या वाट्याला?

३. काय गाळले आहे? तारीख, ठिकाण, दुसरी बाजू?

४. ही बातमी दुसऱ्या एखाद्या विश्वासू ठिकाणी आली आहे का? व्हॉट्सॲपवर संदेशाच्या माथ्यावर दोन बाण दिसले, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आला आहे एवढेच कळते. तो खरा आहे असा त्याचा अर्थ नाही.

आम्हीही यात कमी पडलो आहोत. एका आजारी मुलासाठी रक्त हवे असल्याचा संदेश आम्ही तळमळीने पुढे पाठवला. नंतर फोन केला तेव्हा कळले की तो मुलगा केव्हाच बरा होऊन घरी गेला होता, आणि त्याचे वडील रोज येणारे फोन घेऊन थकले होते. संदेशावर तारीख नव्हती आणि आम्ही ती शोधलीही नाही. आधी फोन केला असता, तर दोन मिनिटांत काम झाले असते.

‘मी कुठे लिहिले? मी फक्त पुढे पाठवले,’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ओळखीच्या माणसाकडून आले म्हणूनच समोरचा ते खरे मानतो. म्हणजे पुढे पाठवणे ही आपली साक्षच ठरते, आणि खोटी साक्ष देऊ नको ही आठवी आज्ञा तर आपल्याला पाठ आहे.

या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर घरातील सर्वांनी मिळून एक बातमी आणि एक जाहिरात निवडावी आणि हे चार प्रश्न विचारावेत. मुलांना उत्तरे आधी देऊ द्यावीत. ती बहुधा आपल्यापेक्षा लवकर ओळखतील.