कूपर ब्लॅक आणि आमची नोटीस

जाड अक्षर म्हणजे मोठा आवाज, असं मी सेकंड इयरपर्यंत समजत होतो. हॉस्टेलमधल्या एका ज्युनियरच्या वडिलांचं ऑपरेशन होतं आणि रक्त हवं होतं. पी.सी. माझ्या रूमवर, म्हणून नोटीस मीच केली. सगळ्यांचं लक्ष जावं म्हणून हेडिंगपासून मोबाइल नंबरपर्यंत सगळा मजकूर ‘कूपर ब्लॅक’मध्ये ठोकून दिला. नोटीस अर्थातच इंग्रजीत. तीस झेरॉक्स काढून ब्लॉकाब्लॉकात लावल्या. संध्याकाळपर्यंत एकही फोन नाही! मेसच्या दारातली प्रत नीट वाचली, तर नंबरातला सहा कुठला नि आठ कुठला, मलाच कळेना.

हा फाँट शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरचा. तिथल्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीने १९२२ साली तो बाजारात आणला, तेव्हा अर्थातच शिशाच्या खिळ्यांत. टाइम्स रोमनच्या अक्षरांच्या टोकांना ज्या बारीक आडव्या रेघा असतात त्यांना सेरिफ म्हणतात. कूपर ब्लॅकलाही सेरिफ आहेत, पण वापरून गुळगुळीत झालेल्या साबणाच्या वडीसारखे. अक्षराचं बूडही सपाट नाही, गोलसर. ‘ओ’च्या आतलं भोक जरा मागे रेललेलं. ‘पी’, ‘वाय’ यांच्या शेपट्या आखूड, त्यामुळे ओळी एकमेकींना अगदी खेटून लावता येतात. एवढा जाड असूनही हा फाँट दरडावत नाही, ही त्याची खरी गंमत. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या रेकॉर्डच्या कव्हरवर तो आहे, आणि ईझीजेटच्या विमानांवरचं केशरी नावही त्याच वळणाचं.

पण जाडी फुकट मिळत नाही. अक्षराची जागा तेवढीच ठेवून रेघ जाड केली की आतली पोकळी कमी होते, आणि अक्षर आपण ओळखतो ते बरंचसं त्या पोकळीवरूनच. हेडिंगच्या आकारात ती पुरेशी उरते. बारा पॉइंटला मात्र ‘ई’, ‘ए’ यांचं भोक टाचणीच्या डोक्याएवढं होतं. त्यात आमचं झेरॉक्स मशीन (त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं!). टोनर जरा पसरला की सहाची वरची फट बुजते आणि त्याचा आठ होतो. म्हणून हा फाँट दोन-चार शब्दांसाठी, मोठ्या आकारात वापरायचा. परिच्छेद, पत्ता, फोन नंबर त्यात कधीही नाही.

रात्री नवी नोटीस केली. वर फक्त ‘ब्लड नीडेड’ एवढंच, कूपर ब्लॅकमध्ये, कागदभर. खाली रक्तगट आणि हॉस्पिटलचं नाव साध्या एरियलमध्ये. नंबर वेगळ्या ओळीत, आकड्यांत अंतर सोडून. झेरॉक्सवाल्याला शटर अर्धं वर करायला लावलं. साडेदहाला पहिला फोन आला, सी ब्लॉकमधून. सकाळी सातजण हॉस्पिटलात पोचले.

जुन्या तीस नोटिसा फाडून काढायचं कामही अर्थात माझ्याकडेच आलं. डिंक फारच पक्का लावला होता.