घरातला रियाज

(वाद्य शिकणारे मूल शिक्षकांजवळ आठवड्यातून दोन-तीन तास असते. बाकीचा वेळ ते घरी असते. त्या वेळात घरातली माणसे काय करतात, याची ही हकिगत आहे.)

माझी बहीण लातूरला राहते. गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर तिचे दोन खोल्यांचे घर आहे. मेहुण्यांचे हार्डवेअरचे लहानसे दुकान आहे. घरात ती दोघे, तिची सासू आणि दोन मुले. मुले सासूबाईंना दादी म्हणतात, म्हणून मीही त्यांना दादीच म्हणतो.

धाकटा भाचा चौथीत होता, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत तो माझ्याकडे नांदेडला आला. एके दिवशी मी त्याला गुरुद्वारा पाहायला नेले. आम्ही डोक्याला रुमाल बांधले, पाय धुतले आणि आत जाऊन बसलो. आत कीर्तन चालू होते. गुरुद्वाऱ्यातले कीर्तन आपल्याकडच्या देवळांतल्या कीर्तनासारखे नसते. तेथे बुवा उभे राहून गोष्ट सांगत नाहीत. रागी बसून हार्मोनियम वाजवत गातात आणि त्यांच्या शेजारी एक जण तबल्याची साथ करतो. भाचा त्या तबलजीच्या हातांकडे पाहत बसला. अर्धा तास झाला, तास झाला. मी हळूच म्हणालो, "चल आता, भूक लागली नाही का?"

"मामू, थांबा ना," तो म्हणाला. "ते डावा हात घासतात ना, तेव्हा आवाज वाकतो."

मी गुरुद्वाऱ्यात अनेकदा गेलो होतो. आवाज वाकतो, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

लातूरला परतल्यावर त्याने घरातले सगळे डबे वाजवून काढले. आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला, "भाईजान, हे काय खूळ घातलंत याच्या डोक्यात?" पण शेवटी तिनेच शिकवणी शोधली. दुसऱ्या एका मुलाने सोडून दिलेली तबल्याची जोडी मेहुण्यांनी विकत आणली.

पहिल्या दिवशी गुरुजींनी त्याला तबल्याला हातच लावू दिला नाही. त्यांनी बोल म्हणायला लावले. धा, धिं, ना, तिं, ता. हे बोल म्हणजे तबल्याची अक्षरे. कोणते बोट कोठे पडले की कोणता आवाज निघतो, ते त्या अक्षरात असते. "तोंडानं नीट म्हणता आलं, की हातानं वाजवता येतं," असे गुरुजी म्हणत. भाचा मात्र रुसून घरी आला.

मग मी त्याला उस्ताद झाकीर हुसेन यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. त्यांचे वडील उस्ताद अल्लारखाँ हे पंडित रविशंकर यांच्या सतारीला साथ करणारे थोर तबलावादक होते. झाकीर सात वर्षांचे असल्यापासून वडील त्यांना पहाटे तीन वाजता उठवत. मग बापलेक सकाळ होईपर्यंत बसत. तबला वाजवायचा नाही, नुसते बोल म्हणायचे. त्यानंतर मुलगा मदरशात जाई आणि तेथून माहीमच्या सेंट मायकेल शाळेत. तोच मुलगा पुढे जगभर नावाजला गेला. २०२३ साली त्याला पद्मविभूषण मिळाले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच समारंभात तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन वारले, तेव्हा लातूरच्या त्या दोन खोल्यांतही कोणी मोठ्याने बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांचे वडीलच उस्ताद होते, त्यांना काय अवघड? खरे आहे. ज्या घरात वाद्य पिढीजात असते, तेथे घर हीच शाळा असते. लातूरपासून फार दूर नाही, अंबाजोगाई तालुक्यात आपेगाव नावाचे गाव आहे. तेथील शंकरबापू आपेगावकर हे पखवाजाचे मोठे वादक. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पुत्र उद्धवबापू यांनीही पखवाजच हाती घेतला. अशा घरातल्या मुलाच्या कानावर पाळण्यात असल्यापासून ताल पडत असतो. माझ्या भाच्याच्या घरात मात्र ताल कोणालाच ठाऊक नव्हता. म्हणून त्याच्याबरोबर सगळ्या घरालाच थोडे थोडे शिकावे लागले.

येथे जरा शब्दांबद्दल सांगतो, कारण ते तुमचेच आहेत. वाद्याचा रोजचा सराव म्हणजे रियाज. हा शब्द अरबीतून फारसीत, उर्दूत आणि मग मराठीत आला. मराठी गवयाच्या घरीही रियाजच करतात. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत गाण्याची तालीम असते, नाटकाची तालीम असते आणि पैलवान कुस्ती खेळतात ती जागाही तालीमच. त्या तालमीत शिकवतो तो वस्ताद, म्हणजे तुमचा उस्ताद. एकाच शब्दाने गाणे आणि कुस्ती या दोन्हींत घर केले, याची मला मोठी गंमत वाटते. दोन्हींत रोज घाम गाळावा लागतो, म्हणून असेल.

पहिली अडचण आवाजाची आली. नवशिक्याचा तबला ऐकणे सोपे नसते. तोच बोल शंभर वेळा, आणि त्यातले साठ वेळा चुकीचा! शेजारचे चाचा रात्रपाळी करून दुपारी झोपत. ते एक दिवस दारात येऊन रागावले. बहिणीलाही राग आला होता. पण तिने विचारले, "चाचा, तुम्ही उठता केव्हा?" त्यावरून वेळ ठरली. असरची नमाज झाल्यावर सुरुवात आणि मगरीबच्या अजानपूर्वी बंद. दादींनी एक जुनी वाकळ चौपदरी करून तबल्याखाली घातली, त्यामुळे फरशीचा दणका कमी झाला. वेळ ठरल्याचा दुसराही फायदा झाला. "बस रे तबल्याला" असे रोज सांगावे लागेना. असरची अजान झाली, की त्याचे पाय आपोआप तिकडे वळत.

गुरुजींनी रोज वीस मिनिटे सांगितली होती. मेहुणे व्यापारी माणूस. त्यांनी हिशोब केला, की रोज वीस मिनिटे म्हणजे आठवड्याची एकशे चाळीस, तेव्हा रविवारी एकदमच अडीच तास वाजवले तर काय बिघडते? बिघडते. बोटांना सवय रोज लागते. सात दिवसांचे जेवण एका दिवशी जेवता येत नाही, तसेच हे आहे.

दुसरी अडचण पाहुण्यांची. कोणी आले की मेहुणे अभिमानाने म्हणत, "बेटा, वाजवून दाखव." तो बिचारा वाजवी, चुके, आणि पाहुणे त्यावर चहा पीत आपसात बोलत. एकदा तो वाजवता वाजवता उठून निघून गेला. तेव्हापासून दादींनी नियम केला, की त्याने स्वतः म्हटले तरच वाजवायचे. तुमच्या घरी धाकटा भाऊ किंवा बहीण काही शिकत असेल, तर एवढे तरी करा. त्यांना पाहुण्यांपुढे उभे करू नका, आणि रियाज चालू असताना आतल्या खोलीतून "चुकलं, चुकलं" असे ओरडू नका. चुकलेले त्यांना तुमच्याआधी कळलेले असते.

वाद्याचीही काळजी घ्यावी लागते. तबल्याच्या तोंडावर कातड्याची पुडी असते. ती वादीने ओढून बसवतात आणि मधोमध काळी शाई लावतात. पावसाळी दमट हवेत कातडे ढिले पडते आणि सूर उतरतो. आपल्या मराठवाड्यातला उन्हाळा तर तुम्ही जाणताच. त्या कोरड्या हवेत कातडे ताणते आणि सूर चढतो. म्हणून तबला उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये, घामेजलेल्या हाताने वाजवू नये. सूर मिळवण्याची हातोडी मात्र घरातल्या कोणीही हौसेने उचलू नये. माझ्या मेहुण्यांनी उचलली होती. पुडी नवी घालावी लागली.

आता दादींबद्दल. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. नातू वाजवायला बसला, की त्या तसबीह हातात घेऊन समोर बसत. एक दिवस त्यांनी विचारले, "तू हे मोजतोस कसं?" त्याने तीनताल समजावून दिला. तीनतालाच्या सोळा मात्रा असतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी येते. नववी मात्रा खाली असते, तेथे टाळी न देता हात बाजूला न्यायचा. दादींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एका बोटाची तीन पेरे आणि एक टोक मिळून चार, चार बोटांच्या सोळा. महिन्याभरात त्या न चुकता मोजू लागल्या. नातू घाईने पुढे पळाला, की त्यांचा अंगठा पेरावर थांबे आणि त्या नुसत्या त्याच्याकडे पाहत. तो ओशाळून पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरू करी. मोबाइलवर हल्ली लेहरा लावून ठेवता येतो. तोही ताल चुकवत नाही. पण तो असा पाहत नाही.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षा असतात. भाच्याने त्यांपैकी प्रारंभिक दिली, मग प्रवेशिका प्रथम दिली. शास्त्रीय कलांच्या अशा परीक्षा देणाऱ्यांना दहावीत वाढीव गुण देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१७ साली घेतला. ते ऐकून मेहुणे खूश झाले. मला मात्र थोडी भीती वाटली. गुणांसाठी हाती घेतलेले वाद्य गुण मिळाल्यावर खाली ठेवले जाते, हे मी पाहिले आहे.

झाले वेगळेच. भाचा नववीत गेला आणि लातूरचा वारा घरात शिरला. 'लातूर पॅटर्न' तुम्ही ऐकला असेल. सकाळी शिकवणी, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. नांदेड-परभणीची मुलेही त्यासाठी तेथे खोल्या घेऊन राहतात. असर ते मगरीब हीच भाच्याच्या गणिताच्या शिकवणीची वेळ ठरली. मेहुण्यांनी तबल्याची जोडी त्याच वाकळीत गुंडाळली आणि कपाटावर ठेवली. "दहावी होऊ दे," ते म्हणाले. पण दहावीनंतर अकरावी, मग बारावी, मग नीट. कपाटावरून ती खाली कधी येणार, हे कोणी विचारले नाही. भाचाही काही बोलला नाही. जेवताना त्याची बोटे ताटाच्या काठावर चालत. मग तेही थांबले.

बहिणीने मला बोलावून घेतले. मेहुण्यांना मी काय सांगणार? तबल्यामुळे गणिताचे गुण वाढतात, असे काही जण सांगतात. मला ते ठामपणे सांगता येत नव्हते आणि खोटे सांगायचे नव्हते. दुकानदाराला आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे असे वाटले, यात चूक तरी काय? मी गप्प बसलो. बोलल्या त्या दादी.

"माझ्या सोळा मात्रा चुकायला लागल्यात," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मोजल्या. आता नवव्यावर अडखळते. मला कोण शिकवणार?"

मेहुणे हसले. दादी हसल्या नाहीत. थोड्या वेळाने मेहुणे म्हणाले, "पण अम्मी, वेळ कुठं आहे? रात्री वाजवला तर शेजारी उठतील, पहाटे वाजवला तर मोहल्ला उठेल."

"वाजवायचा कशाला?" भाचा एकदम म्हणाला. "बोल म्हणायचे."

पुढच्या हिवाळ्यात मी लातूरला मुक्कामाला होतो. पहाटे जाग आली. फजरची नमाज झाली होती. बाहेर अजून अंधार होता. आतल्या खोलीतून कुजबुज ऐकू येत होती. मला वाटले, दादी तसबीह ओढत आहेत. दारातून पाहिले, तर आजी आणि नातू एका रजईत बसले होते. तो बोल म्हणत होता, त्या पेरांवर अंगठा फिरवत होत्या. शेजारी त्याचे विज्ञानाचे पुस्तक उघडे पडले होते. वीस मिनिटे झाल्यावर त्याने ते उचलले. जोडी अजून कपाटावरच होती, पण वाकळीवर धूळ नव्हती. रविवारी ती खाली येते, असे बहीण म्हणाली.

"मामू," भाचा म्हणाला, "दादी आता दुगुनही मोजतात."

"कुठली रे दुगुन," दादी म्हणाल्या, "परवा तूच अकराव्या मात्रेवर चुकलास."

शब्दार्थ

खूळ – वेड, नाद
पिढीजात – वाडवडिलांपासून चालत आलेले
वाकळ – जुन्या कपड्यांची शिवलेली गोधडी
ओशाळणे – लाजणे
पेर – बोटाच्या दोन सांध्यांमधला भाग
दुगुन – दुप्पट लय

स्वाध्याय

१. 'आवाज वाकतो' असे भाचा कशाबद्दल म्हणाला?
२. रियाजाची वेळ कशी ठरली?
३. दादी सोळा मात्रा बोटांवर कशा मोजत? तुम्ही मोजून पाहा.
४. 'तालीम' या शब्दाचे उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.
५. मेहुण्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? आठ-दहा ओळींत लिहा.