गाडीचा नवा अंगरखा

तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडजवळ रेडियमवाल्याचं दुकान असतं. तुम्ही ते पाहिलं असेल. तो रंगीत कागद कापतो आणि गाड्यांवर चिकटवतो. मोटारसायकलीवर पोराचं नाव, ट्रॅक्टरवर देवाचं नाव. या कागदाला आपण ‘रेडियम’ म्हणतो. पण त्यात रेडियम नावाचा धातू नसतो आणि तो कागदही नसतो. तो असतो प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. त्याचं नाव व्हिनाइल.

शेतातला पीव्हीसी पाइप आपल्याला ठाऊक आहे. हा पापुद्रा त्याच पीव्हीसीचा असतो. पीव्हीसी मुळात कडक. अमेरिकेतल्या वाल्डो सेमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९२६ साली ते मऊ करण्याची युक्ती शोधली. म्हणून आज त्याचा पाइपही होतो आणि अंगाला बसणारा पापुद्राही होतो.

आता लोक सगळी गाडीच या पापुद्र्यानं मढवतात. याला ‘रॅप’ म्हणतात. गाडीला घातलेला अंगरखाच तो! खालचा मूळ रंग तसाच राहतो. वरचा पापुद्रा पुढं काढून टाकता येतो. जर्मनीत टॅक्सीचा फिकट पिवळसर रंग ठरलेला आहे. तिथं बरेच टॅक्सीवाले दुसऱ्या रंगाची गाडी घेतात आणि तिला असा पापुद्रा लावतात. गाडी विकायची झाली, की तो काढून टाकतात.

पुतण्याचा बेत

समजा, एका घरी जुनी पांढरी गाडी आहे. दाराखाली थोडा गंज आहे. पुतण्याला ती निळी करायची आहे, तीही घरीच.

पुतण्या म्हणाला, “तात्या, पंधरा-अठरा मीटर व्हिनाइल आणलं, की लहान गाडी पुरी होते. गंज झाकून जाईल. गाडी नव्यासारखी दिसंल.”

तात्या म्हणाले, “अरे, जखमेवर पट्टी बांधली म्हणजे जखम बरी होती का? आधी ती धुवावी लागती ना?”

तात्यांचं म्हणणं खरं आहे. पापुद्रा गंज बरा करत नाही, फक्त झाकतो. झाकलेला गंज दिसत नाही आणि आतल्या आत पत्रा खात राहतो. शिवाय गंजावर, पोपडे आलेल्या रंगावर किंवा धुळीवर पापुद्रा धरतच नाही. म्हणून गंज घासून काढावा. प्रायमर द्यावा. पुट्टी भरून घासून सपाट करावी. मग रंग द्यावा. तो रंग काही आठवडे पक्का वाळू द्यावा.

जुना रंग मजबूत आहे का, हेही आधी बघावं. चांगली चिकटपट्टी घ्यावी. आडबाजूच्या जागी दाबून बसवावी आणि झटक्यानं ओढावी. पट्टीबरोबर रंग निघाला, तर रॅप करू नये. आज चिकटवाल, पण पुढं काढताना रंगही सोलून येईल.

काम कसं करतात?

पहिलं काम धुण्याचं. गाडी साबणानं धुवावी. मेण, तेल, डांबराचे ठिपके काढावेत. मग औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल स्पिरिटनं पुसावी. दाराच्या कडा आणि सांधे विसरू नयेत. पापुद्रा सुटतो तो कडेपासूनच. दिवे, आरसे, दारांच्या मुठी निघत असतील तर काढून ठेवाव्यात.

दुसरं काम जागेचं. उघड्या अंगणात हे काम करू नये. वाऱ्यानं धूळ येते. धुळीचा एक कण खाली राहिला, तरी वर पुटकुळी दिसते. बंद शेड असावी. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. हवा २० ते २५ अंशांच्या आसपास असली तर बरी. म्हणून आपल्याकडं हिवाळ्याची सकाळ उत्तम. तापल्या पत्र्यावर गोंद लगेच धरतो आणि पापुद्रा सरळ करायला वेळच मिळत नाही.

तिसरं काम मापाचं. थानाची रुंदी साधारण ५ फूट, म्हणजे ६० इंच असते. बॉनेट ५२ इंच रुंद आणि ३६ इंच लांब आहे असं धरू. चारी बाजूंनी ४-४ इंच जास्त ठेवायचे. मग रुंदी होईल ५२ आणि ८ मिळून ६० इंच. लांबी होईल ३६ आणि ८ मिळून ४४ इंच. आधी हिशेब कागदावर लिहावा, मगच कात्री लावावी.

चौथं काम चिकटवण्याचं. याला दोन माणसं हवीत. पापुद्रा चारी कोपऱ्यांनी ताणून धरावा आणि हलकेच पत्र्यावर टेकवावा. मग प्लास्टिकच्या पट्टीनं मधून कडेकडं दाबत जावं. पट्टीच्या कडेला मऊ कापड लावलेलं असावं, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. सुरकुती आली तर दाबू नये. तेवढा भाग उचलावा, थोडी ऊब द्यावी आणि पुन्हा बसवावा.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताणलेला पापुद्रा पुन्हा मूळ आकारात यायला बघतो. त्याला जणू आठवण असते! आरशाच्या पाठीवर, बंपरच्या खोलगट भागात तो ओढून बसवला, की काही दिवसांनी सुटून येतो. म्हणून अशा जागी शेवटी गरम हवेचं यंत्र फिरवतात आणि ९० अंशांहून जास्त ऊब देतात. मग तो नव्या आकारात मुरतो. केस वाळवायचं यंत्र इथं पुरं पडत नाही.

पाचवं काम कापण्याचं, आणि ते सगळ्यात जोखमीचं. पातं जोरानं फिरलं, की पापुद्र्याखालचा रंगही कापला जातो. त्या चिरेतून पाणी आत जातं आणि नवा गंज सुरू होतो. यासाठी आत धागा असलेली चिकटपट्टी मिळते. ती आधी पत्र्यावर लावतात. पापुद्रा बसला, की धागा ओढतात. धागाच पापुद्रा कापतो. पात्याची गरज पडत नाही.

घाई केली तर माल वाया जातो. आधी एखाद्या जुन्या पत्र्यावर हात बसवावा. मग सपाट दार घ्यावं. बंपर शेवटी.

चांगला पापुद्रा साधारण चार-पाच वर्षं टिकतो. टपावर आणि बॉनेटवर ऊन जास्त, म्हणून तिथला लवकर खराब होतो. तो कडक होऊन तडकण्याआधी काढावा. ऊब देत सावकाश सोलावा. फार उशीर केला, तर त्याचे तुकडे तुकडे निघतात.

आरसी वाचा

पुतण्यानं आणखी बेत सांगितले. मोठे टायर, सुरावटीचा हॉर्न, काळ्या काचा. तात्या म्हणाले, “आधी आरसी आण. त्यात काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.”

आरसी म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला. त्यात गाडीचा रंगही लिहिलेला असतो. दाखल्यावर पांढरी आणि रस्त्यावर निळी, असं चालत नाही. म्हणून रंग बदलण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारावं आणि तशी नोंद करून घ्यावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावं. नाहीतर अपघात झाल्यावर भरपाई मागताना अडचण येऊ शकते. सैन्याच्या गाड्यांचा ऑलिव्ह हिरवा रंग तर आपल्या गाडीला देऊच नये. त्याला मनाई आहे.

गाडीच्या बांधणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ५२व्या कलमात हे सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षी कायदा सुधारला. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. सुरावटीच्या हॉर्नला मनाई आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. हे नियम उगाच नाहीत. अंधारात काळ्या काचेतून रस्त्यावरचं पोर दिसलं नाही, तर काय करणार?

पुतण्यानं आरसी वाचली. मग हॉर्न आणि काळ्या काचा त्यानं सोडून दिल्या. मोठ्या टायरांचा नादही सोडला. आधी गंज काढायचा, मग आरटीओत जायचं, मग पापुद्रा आणायचा, असं ठरलं. हौस असावी. हातानं काम करणाऱ्याला गाडीही कळते आणि कामही कळतं. पण क्रम हाच ठेवावा. आधी आतलं नीट, मग कागद नीट, आणि मग वरचा अंगरखा.

अभ्यास

१. गंजावर पापुद्रा लावला तर काय होतं?
२. रॅप करायला हिवाळ्याची सकाळ का चांगली?
३. दार ४० इंच लांब आणि २८ इंच उंच आहे. चारी बाजूंनी ४-४ इंच जास्त ठेवायचे आहेत. केवढा तुकडा कापाल?
४. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीची आरसी मागून घ्या. तिच्यात रंग कोणता लिहिला आहे, ते वाचा. गाडीशी ताडून पाहा.