एमआरआय कक्षाची जमीन : भार, लोखंड आणि खर्च

निदान केंद्रासाठी मुदत कर्ज मागताना सादर होणाऱ्या प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत पहिल्याच पानावर असते. ते यंत्र ज्या स्लॅबवर उभे राहायचे, त्याचा खर्च मात्र ‘किरकोळ बांधकाम’ या सदराखाली एका ओळीत उरकलेला आढळतो. एमआरआयच्या बाबतीत ही काटकसर महागात पडते.

प्रथम भाराचा विचार करू. भारतीय मानक ८७५ (भाग २, १९८७) नुसार रुग्णालयातील क्ष-किरण कक्ष व शस्त्रक्रियागृह यांच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलोग्रॅम इतका उपयोग-भार धरला जातो. १.५ टेस्ला क्षमतेच्या चुंबकाचे वजन ५ टन आणि त्याखालील जागा साडेतीन चौरस मीटर मानली, तर हाच आकडा १,४०० किलोग्रॅमच्या पुढे जातो. शिवाय चुंबक पायांवर उभा असल्याने भार त्या ठिकाणी एकवटतो. तेव्हा निवासी अथवा कार्यालयीन इमारतीतील तयार स्लॅबवर हे यंत्र ठेवता येईल असे गृहीत धरणे धोक्याचे होय. यंत्र ज्या मार्गिकेवरून आत न्यावयाचे, तिची क्षमताही तपासावी लागते. ही बाब हमखास विसरली जाते.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. १.५ टेस्ला म्हणजे १५,००० गॉस. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे अर्धा गॉस असते. प्रतिमा स्पष्ट येण्यासाठी चुंबकाच्या मध्यभागी हे क्षेत्र अत्यंत एकसमान लागते. स्लॅबमधील लोखंडी सळया त्यात विकृती आणतात. स्थिर लोखंडामुळे आलेला दोष यंत्र बसविताना काही मर्यादेपर्यंत सुधारता येतो. म्हणूनच चुंबकाखाली दर चौरस मीटरला किती लोखंड चालेल, याची मर्यादा उत्पादक आपल्या जागा-नियोजन पुस्तिकेत देतो. येथे अभियंत्यापुढे पेच उभा राहतो : भार वाढला म्हणून सळया वाढवाव्यात, तर चुंबकाला त्या नकोत.

यावर एक उपाय म्हणजे चुंबकाकडे न ओढल्या जाणाऱ्या जातीच्या स्टेनलेस पोलादाच्या सळया. दुसरा, काचतंतू व राळ यांपासून बनविलेल्या सळया. दुसरा पर्याय निवडल्यास गणित बदलते. काचतंतूच्या सळईची ताठरता पोलादाच्या जेमतेम पाव असते. त्यामुळे ताकद पुरेशी असूनही स्लॅबला झोळ अधिक येतो व जाडी वाढवावी लागते. पोलाद तुटण्यापूर्वी ताणले जाते आणि इशारा देते. काचतंतूची सळई एकाएकी तुटते. म्हणून नेहमीच्या शिकवणुकीच्या उलट, सळईआधी काँक्रीट चिरडेल अशी रचना येथे पसंत केली जाते. या सळया कार्यस्थळी वाकविता येत नाहीत. वळणाचे तुकडे कारखान्यातूनच मागवावे लागतात. बांधणीची तारही लोखंडी न वापरता प्लॅस्टिकची वापरावी, अन्यथा केलेला खर्च काही अंशी वाया जातो.

हलणारे लोखंड मात्र दुरुस्तीच्या पलीकडचे असते. तळघरात वाहनतळ, भिंतीपलीकडे उद्वाहन किंवा नजीक विद्युत जनित्र असल्यास क्षेत्र सतत डळमळते, शिवाय कंपनांचा उपद्रव होतो. चुंबकाचे क्षेत्र स्लॅबच्या खाली-वरही पसरते. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीसाठी परंपरेने मानलेली ५ गॉसची रेषा वरच्या किंवा खालच्या मजल्यावर कोठे पडते, हे नकाशावर दाखविलेले असावे. या बलाची कल्पना सर्वांना असतेच असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूच्या सिलिंडरसह चुंबकाकडे खेचला जाऊन एका तरुणाचा मृत्यू झाला होता.

या सर्व कारणांनी तळमजल्यावरील, थेट भरावावर टेकलेली जमीन बहुधा स्वस्त ठरते. जागा भाड्याची असेल, तर स्लॅब मजबूत करण्यास मालकाची लेखी संमती हवी, कारण हा खर्च जागा सोडताना परत मिळत नाही.

उत्पादकाचा जागा-नकाशा व संरचना अभियंत्याचा दाखला यंत्राची मागणी नोंदविण्यापूर्वीच हाती असावा. ४ कोटी रुपयांच्या कर्जावर द.सा.द.शे. १० टक्के व्याज धरल्यास, यंत्र येऊनही जमीन तयार नसल्याचा प्रत्येक महिना कर्जदारास सुमारे ३ लाख ३३ हजार रुपयांना पडतो, आणि त्या महिन्यात एकाही रुग्णाची तपासणी झालेली नसते.