मांडी राखून पळ

भाच्या, नांदेडला गोदावरीच्या घाटाकडं तू पहाटे पळायला जातोस, हे ताईनं फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. पोट उतरलंय म्हणे, पण दंडही उतरलेत, अन् सिलेंडर उचलून ठेवायचं म्हटलं की धाप लागते. घाई करणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं, घाबरू नकोस. मामाचं ऐक, चहा घेत निवांत वाच. चरबी जाऊ दे, मांस जाऊ देऊ नको, एवढंच मला सांगायचंय.

१. काट्यावर रोज उभा राहू नको, रविवारी सकाळी शिवणकामाच्या टेपनं बेंबीपाशी कंबर मोज — काट्याला पाणी, चरबी, मांस सगळं सारखंच. आपल्या लोकांसाठी पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत अन् बाईची ८० च्या आत असावी, असं धरतात. काटा भोळा, टेप शहाणी.

२. 'मी कुठं जाड आहे' म्हणणाऱ्या तुझ्या मित्रालाही सोबत ने — आपल्याकडं बारीक माणसाच्या अंगातही चरबी दडलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक अन् लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के अन् याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्या अंगाला मांस मुळातच कमी, त्यातलंही पळून घालवलं तर हातात काय राहील, तूच सांग.

३. पळताना घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट मोठ्यानं म्हणून बघ. मधेच दम तुटला तर वेग कमी कर — रोज छाती फुटेपर्यंत पळालास तर पाय थकलेलेच राहतात अन् बैठकांना जोर उरत नाही.

४. आठवड्याला १५० मिनिटं झाली की पुरे, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. झपाझप चाललास तरी चालतं — गुडघे आयुष्यभर वापरायचेत.

५. आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. आठवड्यातले तीन दिवस जोर-बैठका आधी, पळणं नंतर — ताज्या पायांनीच बैठक खोल जाते. दुष्काळात दावणीची जनावरं विकायची पाळी आली तरी शेतकरी औताचा बैल शेवटपर्यंत राखतो. खाणं कमी केल्यावर अंगही तसंच वागतं, ज्या मांसाला काम आहे तेवढंच राखतं. बैठकीत टाच उचलू देऊ नको, खाली क्षणभर थांब, मग वर ये. सोपं वाटायला लागलं की आकडा वाढवत बसू नको, दहा किलोचं तांदळाचं पोतं छातीशी धर. शेवटच्या दोन-तीन बैठका जड गेल्याच पाहिजेत. सोबत जोर, अन् फांदीला नाहीतर बारला लोंबकळून अंग वर ओढणं. आपल्या निलंगा भागातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, १९७० ला एडिनबर्गच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक आणलं. ते ज्या तालमीच्या परंपरेतले, तिथं धावणं असतं ते जोर-बैठकांच्या जोडीला, त्यांच्या जागी नाही.

६. उपाशीपोटीच पळायचं, असा हट्ट नको — त्या अर्ध्या तासात चरबी थोडी जास्त जळत असेल, पण दिवसभराचं खाणं सारखं असेल तर महिन्याच्या हिशोबात फरक पडत नाही. भूक लागली तर केळं खाऊन जा. ताईला मात्र साखरेची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी चालायला नेऊ नको — साखर एकदम उतरते.

७. वरण पातळ, दंड पातळ! किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे तुझ्या ७० किलोला रोज साधारण ९० ते १०५ ग्रॅम — खाणं कमी केलं की मांस टिकवायला उलट जास्त लागतं. प्रथिनांच्या पावडरीचे डबे कशाला विकत घेतोस? आपलं लातूर तुरीचं अन् सोयाबीनचं गाव. दोन वाट्या घट्ट वरण १४, पन्नास ग्रॅम सोया वड्या २६, तीन अंडी १८, मूठभर भिजवलेले हरभरे १०, पेलाभर दूध ८, वाटीभर दही ५, अन् ज्वारीच्या तीन-चार भाकरींतून वीसेक. शंभरी तिथंच गाठली. सोयाबीनचे दाणे खायचे तर चांगले शिजवूनच, नाहीतर पोट बिघडतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं हा हिशोब परस्पर लावू नये.

८. घाटावरून येताना मुरमुऱ्यांचा सुशीला खा, वर भाजके शेंगदाणे मागून घे. भज्यांच्या कढईकडं मात्र बघू नको — अर्ध्या तासाच्या चालण्यात दीडशे-दोनशे कॅलरी जातात, त्या भज्यांच्या एका प्लेटीत परत येतात. चाराण्याचं पळणं अन् बाराण्याचं ताट, हे गणित कुणालाच सुटत नाही.

९. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं की समाधान मान — झपाट्यानं उतरवलेल्या वजनात मांसाचा वाटा वाढतो. लग्नाची तारीख जवळ आलीय म्हणून महिन्यात आठ किलोचा नेम धरू नको, शेरवानी शिंप्याला सैल करता येते.

१०. पहाटे पाचला उठायचं तर रात्री साडेनऊला मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव — रात जागली, मांडी भागली. २०१० साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा जणांना सारखंच कमी खायला देऊन चौदा दिवस साडेआठ तास अन् चौदा दिवस साडेपाच तास झोपायला दिले. वजन जवळजवळ तेवढंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेली चरबी निम्म्याहून कमी अन् गेलेलं मांस जास्त. प्रयोग लहान, पण माझ्या मनाला पटलेला. झोप झाली नसेल त्या दिवशी पळणं सोड, झोपून राहा.

११. मे महिन्यात साडेपाचला सुरुवात अन् सातच्या आत घरी, निघायच्या आधी पेलाभर पाणी — आपल्याकडचं ऊन आठलाच चढतं. छातीत दाटलं, डाव्या हाताला कळ आली, डोळ्यांपुढं अंधारलं तर 'एवढी फेरी पुरी करू' म्हणायचं नाही. बसायचं, कुणाला तरी हाक मारायची अन् सरळ दवाखाना गाठायचा.

१२. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतावर ये. भज्जी, आंबील, उंडे पोटभर खा, अन् दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून दुप्पट पळू नको — एका जेवणानं कंबर वाढत नाही, पण शिक्षेच्या पळण्यानं पिंडरी भरते अन् पुढचा आठवडा बुडतो. येताना ताईला घेऊन ये, अन् बसस्टँडपासून शेतापर्यंत दोघं चालतच या.