धूप, गंध आणि चित्तवृत्ती

दिवेलागणीच्या वेळी आपल्या खटकचिंचोळीतील एखाद्या जुन्या माळवदाच्या घरावरून गेले असता उदाचा वास दारातच सामोरा येतो. आत कोणी मोठ्याने स्तोत्र म्हणत नसले तरी या घरातील दिवसभराची धांदल आता थांबली आहे, हे पाहुण्यास न सांगता कळते. देव्हाऱ्यापुढे बसणाऱ्याचे मनही तसेच हळूहळू निवळते. हे कशामुळे घडते, आणि आज पुष्कळ घरांत भरपूर उदबत्त्या जाळूनही ते का घडत नाही, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ही विद्या आपल्या मुलखास परकी नाही. आपल्याच जिल्ह्यातील कल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तेथे राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना त्याने धूपभोगास स्वतंत्र स्थान दिले असून धुपाचे चूर्ण, पिंड व वर्ती असे प्रकार सांगितले आहेत. आपण ज्यास उदबत्ती म्हणतो तिचे पूर्वरूप त्या वर्तीत पाहावयास हरकत नाही. पुढे गंधशास्त्रावर ‘गंधवाद’ नावाचा जो ग्रंथ झाला, त्यावर तर मराठी टीका उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे कै. परशुराम कृष्ण गोडे यांनी त्या हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. सुगंधी द्रव्ये कशी निवडावी व कशी मिसळावी याची चर्चा आपल्या भाषेत लेखनिविष्ट झाली होती, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

आता गंधाचा मनाशी संबंध पाहू. डोळ्यांनी पाहिलेले व कानांनी ऐकलेले मेंदूत प्रथम एका मधल्या ठाण्यावर जाते आणि तेथून पुढे पोहोचते. गंधाची वार्ता मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना व स्मृती यांच्या केंद्रांशी थेट जाऊन भिडते. म्हणूनच वर्षानुवर्षे विसरलेले आजोळ कापराच्या एका झुळकीने डोळ्यांपुढे उभे राहते. साळईच्या वंशातील वृक्षांच्या डिंकात सापडणारे एक द्रव्य उंदरांना दिले असता त्यांची भीती उणी होते, असा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला आहे. तथापि ते द्रव्य वेगळे काढून दिलेले होते. धूर कोंडून घेतल्याने तोच लाभ होतो, असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

नाकाचा दुसरा धर्म असा की ते लवकर सरावते. खोलीत वास दरवळत असला तरी काही मिनिटांनी आतल्या माणसास तो जाणवेनासा होतो. मग ‘वासच येत नाही’ म्हणून दुसरी बत्ती लावली जाते, नंतर तिसरी. वास्तविक उणीव धुपाची नसते. शिवाय दिवसभर तोच गंध जळत राहिला तर मनास त्याची खूण उरत नाही. आजीच्या हातची चिमूटभर उदाची पूड प्रभावी वाटे, कारण ती नेमक्या एका वेळी, एकाच कृत्याच्या आरंभी निखाऱ्यावर पडे. गंधाने वृत्ती घडते ती या नेमाने. भारी किमतीच्या पुड्याने ती विकत मिळत नाही.

धूप अर्पण करतानाचा जो श्लोक आपण म्हणतो, त्याचा अर्थ लक्षपूर्वक पाहावा. वनस्पतींच्या रसापासून झालेला, गंधाने समृद्ध, देवांनी हुंगावा असा हा धूप आहे, असे त्यात म्हटले आहे. त्यात गौरव आहे तो गंधाचा. धुराचे नावही नाही. हा भेद आपण विसरलो आहोत, आणि त्याची किंमत घरातील सर्वांत दुबळ्या जिवाला मोजावी लागते. माळवदाच्या घरास छतात झरोका असे; धूर त्या वाटेने निघून जाई. आज सिमेंटच्या बंद खोलीत, पंखा बंद करून, तितकाच किंवा अधिक धूप जळतो. कोळशाची भुकटी, बांबूची काडी व कृत्रिम सुवास यांपासून झालेल्या बत्तीचा सूक्ष्म धूर दमेकऱ्याची छाती भरून टाकतो. ज्या वृद्ध आईसाठी आपण सायंपूजा चुकवीत नाही, तीच खोकत बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसत असेल, तर त्या पूजेत ती कोठे राहिली?

बाळाच्या धुरीविषयी तर अधिक सावध राहिले पाहिजे. न्हाऊ घातल्यावर तान्ह्यास ओवा, वावडिंग, धूप यांच्या धुरावर धरण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि ती मोडा म्हटले की वडीलधाऱ्यांस वाईट वाटते. त्यांना ‘चरकसंहिते’चा दाखला द्यावा. शारीरस्थानात बाळाची वस्त्रे, अंथरूण व पांघरूण यांस धुपविण्यास सांगितले आहे. प्रत्यक्ष बाळास धुरात धरावयास तेथे सांगितलेले नाही. कोवळ्या फुप्फुसांस धूर सोसत नाही, हे आजचे वैद्यही निक्षून सांगतात. मग शास्त्र सोडल्याचा दोष तो कोणता?

तेव्हा पूजेस बसण्यापूर्वी थोडा वेळ आधी, खिडकी उघडी ठेवून, धुपाटण्यातील एका निखाऱ्यावर चिमूटभर ऊद किंवा गुग्गुळ घालावा. आसनावर बसताना धुपाटणे अंगणात नेऊन ठेवावे. मागे राहिलेला मंद गंध पुरेसा असतो. घरात दम्याचे माणूस असेल तर जाळणे वर्ज्यच समजावे. सहाणेवर चंदनाचे खोड उगाळले की धुराविना खोली गंधित होते, आणि खोड जपून वापरल्यास पिढीभर पुरते. उन्हाळ्यात वाळ्याचा ओला पडदा दारास लावला तर वास येतो व गारवाही मिळतो. चैत्रात दवणा, पुढे मोगरा, आणि बारा महिने अंगणातील तुळस व मरवा आहेतच. पंचोपचारांत गंध आणि पुष्प हे धुपाच्या आधी येतात.