वर्गाची सूत्रं थोडी मुलांच्या हाती

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. मुलं सांगेन तेवढंच करतात. ती स्वतःहून शिकावीत म्हणून काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : सुरुवात निवडीपासून करा. फळ्यावर अपूर्णांकांची दहा उदाहरणं लिहा. त्यातली कोणतीही सहा सोडवायला सांगा. उत्तरं जोडीत तपासू द्या. एकमत झालं नाही तरच तुमच्याकडे यावं. तास संपताना वहीत दोन ओळी : काय जमलं, कुठे अडलं. दुसऱ्या दिवशीचा तास या नोंदींवरून ठरवा. मग मुलं त्या मनापासून लिहितील. मूल स्वतः ज्ञान रचतं, ही भूमिका २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही आहे. सुरुवातीला वर्गात गोंगाट वाढेल. तेवढ्यासाठी सूत्रं परत आपल्या हाती घेऊ नका.